गुळवेल आणि एचआयव्ही : नागपूरच्या चाचणीत नेमकं काय आढळलं?

सदलगा (ता. चिकोडी) : आमच्या भागात गुळवेल शोधायला लांब जावं लागत नाही. दूधगंगेच्या काठानं चालत गेलं की बांधावरच्या कडुलिंबावर, बाभळीवर ती चढलेली दिसते. पान हृदयाच्या आकाराचं, खोडाची साल कागदासारखी सुटणारी. मराठीत गुळवेल, संस्कृतात गुडूची किंवा अमृता, आणि पलीकडच्या आळीत कन्नड बोलणारे हिलाच अमृतबळ्ळी म्हणतात. कोरोनाच्या काळात तर हिचा काढा घरोघरी उकळत होता.

मध्यंतरी ओळखीतल्या एका माणसानं खिशातून घडी केलेला कागद काढून माझ्यासमोर ठेवला. एका काढ्याच्या बाटलीबरोबर तो मिळाला होता. त्यावर लिहिलेलं, ‘एचआयव्ही रुग्णांवर शास्त्रीय चाचणी झालेली वनस्पती.’ त्याचा प्रश्न सरळ होता : “भाऊ, हे खरं हाय का? हे चालू केलं तर दवाखान्यातल्या गोळ्या बंद केल्या तर चालतंय का?”

त्याचं नाव-गाव इथं लिहिणार नाही. पण हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. बेळगाव, बागलकोट, सांगली हा पट्टा एके काळी एचआयव्हीच्या जास्त प्रादुर्भावासाठी ओळखला जायचा. आजही सीमेच्या दोन्ही बाजूंना अनेक घरांत रोजची गोळी चालू आहे. म्हणून त्या कागदावरचं विधान तपासून बघितलं. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. उरलेलं अर्धं खाली दिलं आहे.

चाचणी कुठे झाली?

गुळवेलीच्या अर्काची एचआयव्ही रुग्णांवर चाचणी खरोखर झाली आहे, आणि ती महाराष्ट्रातच, नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांनी केली आहे. तिचा अहवाल ‘इंडियन जर्नल ऑफ फार्माकॉलॉजी’ या नियतकालिकात २००८ मध्ये छापून आला. वेलीचं शास्त्रीय नाव टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया.

चाचणीची पद्धत चांगली होती, हे आधी सांगायला हवं. एचआयव्हीची लागण असलेल्या ६८ जणांना चिठ्ठी टाकल्यासारखं दोन गटांत वाटलं. एका गटाला गुळवेलीचा अर्क, दुसऱ्याला तसंच दिसणारं पण औषध नसलेलं, म्हणजे प्लासिबो. कोणाला काय मिळतंय हे ना रुग्णाला माहीत, ना तपासणाऱ्या डॉक्टरला. हे सहा महिने चाललं. दर महिन्याला रुग्णाची तपासणी, दर दोन महिन्यांनी रक्ताच्या तपासण्या. सीडी-४ ची मोजणी सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा. कोणाला काय दिलं होतं, त्याची चिठ्ठी सगळं संपल्यावर उघडली.

मी कॉमर्सचा माणूस. मला हे ऑडिटसारखं वाटतं. ज्याने वही लिहिली त्यानेच ती तपासायची नसते. औषध देणाऱ्यालाही आणि घेणाऱ्यालाही काय दिलंय हे कळू न देणं म्हणजे तेच. मनाचे खेळ हिशोबात येऊ नयेत म्हणून ही व्यवस्था.

निकाल काय आला?

- गुळवेल घेणाऱ्यांपैकी ६० टक्के जणांनी आजाराशी संबंधित तक्रारी कमी झाल्याचं सांगितलं. प्लासिबो गटात असं सांगणारे २० टक्के होते.
- रक्तातल्या इओसिनोफिल नावाच्या पेशी लक्षणीय कमी झाल्या. या पेशी अ‍ॅलर्जीत आणि जंत झाल्यावर वाढतात.
- हिमोग्लोबिनही लक्षणीय कमी झालं. म्हणजे आपल्या भाषेत, रक्त कमी झालं.
- गुळवेल घेणाऱ्यांच्या नेहमीच्या तक्रारींत भूक न लागणं, मळमळ, उलटी आणि अशक्तपणा यांची नोंद आहे.
- मोजता येणाऱ्या सगळ्या तपासण्यांनी रुग्णांच्या ‘बरं वाटतंय’ला दुजोरा दिला नाही. हे संशोधकांनी स्वतःच प्रामाणिकपणे लिहिलं आहे.

त्यांचा शेवटचा निष्कर्ष असा, की एचआयव्हीच्या उपचारात गुळवेल ‘जोड’ म्हणून वापरता येऊ शकेल. जोड म्हणजे मूळ उपचाराबरोबर. मूळ उपचाराच्या जागी नव्हे. बाटलीबरोबरच्या कागदावर नेमका हाच शब्द नव्हता.

हा ताळेबंद कसा वाचायचा?

साठ आणि वीस, हा फरक मोठा दिसतो आणि तो दुर्लक्ष करण्याजोगाही नाही. एचआयव्हीबरोबर जगणाऱ्या माणसाला अंगाची खाज, थकवा, सारखा ताप यांतून थोडी सुटका मिळाली तर ती मोठी गोष्ट असते. इओसिनोफिल कमी झाल्या, याचाही काही संबंध असू शकतो. नागपूरच्याच डॉक्टरांनी याआधी अ‍ॅलर्जीच्या सर्दीवर गुळवेलीची चाचणी केली होती. ७५ रुग्ण, आठ आठवडे. तिचा अहवाल २००५ मध्ये आला आणि त्यात शिंका, नाक गळणं, नाक चोंदणं यांत आराम पडल्याची नोंद आहे.

पण खाज कमी होणं आणि विषाणू कमी होणं या दोन वेगळ्या खात्यांतल्या रकमा आहेत. एचआयव्हीत माणसाचा जीव दुसऱ्या खात्यावर अवलंबून असतो. रक्तात विषाणू किती आहे, हे ‘व्हायरल लोड’ तपासणीत कळतं. नागपूरच्या अहवालात सांगितलेल्या तपासण्यांत पांढऱ्या पेशी, इएसआर, प्लेटलेट, हिमोग्लोबिन आणि सीडी-४ आहेत, व्हायरल लोड नाही. म्हणून ‘गुळवेलीने विषाणू मरतो’ असं या चाचणीच्या नावावर कोणी सांगत असेल तर ते चाचणीत नाहीच.

शिवाय ६८ माणसं आणि सहा महिने हा पसारा लहान आहे. एवढ्यावरून दिशा कळते, पक्का निर्णय होत नाही.

प्रतिकारशक्ती ‘वाढली’ म्हणजे काय?

सीडी-४ या आपल्या रक्तातल्या लढाऊ पेशींना हुकूम देणाऱ्या पेशी. निरोगी माणसात त्या साधारण ५०० ते १५०० असतात, एका घनमिलिमीटर रक्तात. एचआयव्ही नेमका यांच्यातच शिरतो. आकडा २०० च्या खाली गेला की टीबी, न्यूमोनिया, बुरशीचे आजार डोकं वर काढतात.

म्हणून सगळ्यांना वाटतं, सीडी-४ कसाही वाढवला की झालं. पण इथं एक मेख आहे. एचआयव्ही हा विषाणू जाग्या झालेल्या, कामाला लागलेल्या सीडी-४ पेशींत जास्त जोमानं वाढतो. नुसती प्रतिकारशक्ती चेतवणं म्हणजे कधी कधी चोराला नवी घरं उघडून देणं.

याचा मोठा धडा २००९ मध्ये मिळाला. इंटरल्युकिन-२ नावाचं प्रतिकारशक्ती वाढवणारं औषध दोन आंतरराष्ट्रीय चाचण्यांत मिळून साडेपाच हजारांहून जास्त एचआयव्ही रुग्णांवर तपासलं गेलं. नेहमीच्या गोळ्यांच्या जोडीला हे दिल्यावर सीडी-४ चा आकडा चांगला वाढला. पण आजारपण आणि मृत्यू मात्र कमी झाले नाहीत. वहीत शिल्लक वाढलेली दिसली, तिजोरीत पैसा आलाच नाही. म्हणून कुठल्याही काढ्याचा, चूर्णाचा ‘प्रतिकारशक्ती वाढवतं’ हा दावा ऐकला की पुढचा प्रश्न विचारायचा : त्यानं माणूस कमी आजारी पडला का?

दक्षिण आफ्रिकेतला अनुभव

आपल्याकडे जशी गुळवेल, तशी दक्षिण आफ्रिकेत सदरलँडिया नावाची औषधी वनस्पती. लोक पिढ्यान्पिढ्या ती वापरत आले. तिथल्या संशोधकांनीही अशीच प्लासिबोशी तुलना करून २४ आठवडे चाचणी घेतली. निकाल २०१५ मध्ये छापला. व्हायरल लोड आणि सीडी-४ यांत दोन गटांत फरक पडला नाही. उलट जंतुसंसर्गाच्या आजारपणाचे दिवस सदरलँडिया घेणाऱ्या गटात जास्त निघाले.

त्याच देशात २००० नंतरची काही वर्षं सरकारच औषधांबद्दल शंका घेत राहिलं. त्या वेळच्या आरोग्यमंत्री लसूण, बीट, लिंबू यांचे गुण सांगत होत्या. हार्वर्डच्या संशोधकांनी नंतर हिशोब मांडला. २००० ते २००५ या काळात औषधं वेळेवर न दिल्याने ३ लाख ३० हजारांहून जास्त लोकांचे जीव गेले, असा त्यांचा अंदाज आहे. लसणानं कोणी मेलं नाही. लसणाच्या भरवशावर गोळ्या लांबल्या, त्यानं मेले.

तेव्हा आणि आता

नागपूरच्या चाचणीकडे बघताना तिचा काळ लक्षात घ्यायला हवा. भारतात सरकारी मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरच्या गोळ्या, १ एप्रिल २००४ ला सुरू झाल्या, त्याही पहिल्यांदा मोजक्या आठ सरकारी रुग्णालयांत. त्याआधी खर्च स्वतःचा. आणि मोफत झाल्यावरही लगेच गोळ्या मिळत नव्हत्या. सीडी-४ बराच खाली, साधारण दोनशेच्या आसपास आल्याशिवाय बहुतेकांना सुरू करत नसत. म्हणजे लागण झालीय, पण औषधाची पाळी आलेली नाही, अशा अवस्थेत माणसं वर्षानुवर्षं थांबलेली असायची. त्या मधल्या काळात निदान काही तरी हाताशी असावं, हा विचार डॉक्टरांनी करणं साहजिक होतं.

आता ती मधली जागा राहिलेली नाही. २०१५ मध्ये ‘स्टार्ट’ या चाचणीचा निकाल आला. ३५ देशांतले ४,६८५ रुग्ण. सीडी-४ चांगला असतानाच गोळ्या सुरू केलेल्यांत गंभीर आजार किंवा मृत्यूचा धोका, थांबून सुरू केलेल्यांपेक्षा ५७ टक्क्यांनी कमी निघाला. २०१७ पासून भारतातही धोरण बदललं : लागण कळली की सीडी-४ कितीही असो, उपचार सुरू. आज बहुतेकांना टेनोफोविर, लॅमिवुडिन आणि डोल्युटेग्राविर ही तीन औषधं एकाच गोळीत मिळतात. दिवसाला एक गोळी, मोफत.

या गोळीमुळे विषाणू इतका दबतो की तपासणीत सापडत नाही, आणि तो तसा दबलेला राहिला तर शारीरिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. हे सिद्ध करण्यात आपल्या पुण्याचाही हात आहे. भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेचं, म्हणजे ‘नारी’चं केंद्र ‘एचपीटीएन ०५२’ या आंतरराष्ट्रीय अभ्यासात होतं. १,७६३ जोडपी होती, प्रत्येक जोडप्यात एकाला लागण, एकाला नाही. २०११ मध्ये निकाल आला : लवकर उपचार सुरू केल्याने जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटली.

गोळी मध्येच थांबवली तर?

हाही प्रश्न तपासून झालेला आहे. सीडी-४ चांगला झाला की गोळ्या थांबवायच्या, घसरला की परत सुरू करायच्या, असं ५,४७२ रुग्णांच्या ‘स्मार्ट’ चाचणीत करून बघितलं. २००६ मध्ये निकाल आला, तेव्हा थांबवणाऱ्या गटात आजारपण आणि मृत्यूचा धोका दुपटीहून जास्त निघाला. चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली.

गोळी सोडली की काही आठवड्यांत विषाणू रक्तात परत दिसू लागतो. मध्ये मध्ये सोडत राहिलं तर तो औषधाला दाद देईनासा होऊ शकतो. फसवं असं आहे, की सोडल्यावर सुरुवातीला काहीच त्रास जाणवत नाही. उलट कधी बरंच वाटतं. त्याच दिवसांत काढा चालू असेल तर श्रेय काढ्याला जातं.

‘झाडपाल्याचा साइड इफेक्ट नसतो’ हे खरं का?

नाही. नागपूरच्या चाचणीत हिमोग्लोबिन उतरलं, मळमळ-उलटी झाली, हे वर आलंच आहे. ज्यांचं रक्त मुळातच कमी आहे, विशेषतः बायका, त्यांनी याची नोंद घ्यावी.

दुसरी गोष्ट यकृताची. कोरोनाच्या काळात गुळवेल घेतलेल्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचा अहवाल मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये छापला. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. गुळवेलीसारखीच दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा ही दुसरी वेल घेतली गेली असावी, असं त्यांचं म्हणणं. पुढच्या वर्षी देशातल्या १३ केंद्रांमधून अशा ४३ रुग्णांचा अभ्यास आला. वाद कोणाच्याही बाजूनं धरा, आपल्यासाठी अर्थ एकच : बांधावरून कापून आणलेली वेल कुठली, हे ओळखता आलं पाहिजे, आणि कावीळ किंवा यकृताचा त्रास असलेल्यांनी ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. एचआयव्हीच्या गोळ्या घेणाऱ्यांच्या यकृताची तपासणी होतच असते. काढ्याची माहिती दडवली तर डॉक्टर चुकीच्या गोष्टीला दोष देऊन बसतात.

तिसरी गोष्ट, औषधांची आपसातली भांडणं. सेंट जॉन्स वर्ट या युरोपातल्या वनस्पतीमुळे इंडिनाविर या एचआयव्हीच्या औषधाची रक्तातली मात्रा निम्म्याहून खाली गेल्याचं २००० मध्ये दिसलं. लसणाच्या कॅप्सूलमुळे सॅक्विनाविर या औषधाची मात्रा सुमारे निम्मी झाली. ती औषधं आज आपल्याकडच्या नेहमीच्या गोळीत नाहीत, आणि ती चाचणी कॅप्सूलची होती, फोडणीतल्या लसणाची नव्हे. तेव्हा आमटीतला लसूण सोडू नका. पण डोल्युटेग्राविरची एक खबरदारी आजची आहे. लोह, कॅल्शियम, मॅग्नेशियम असलेल्या गोळ्या रिकाम्या पोटी त्याच वेळी घेतल्या तर डोल्युटेग्राविर नीट शोषलं जात नाही. ते या गोळ्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यायचं असतं. आयुर्वेदिक औषधात लोह भस्म, मंडूर, शंख भस्म असेल तर समुपदेशकाला बाटली दाखवूनच वेळ ठरवा.

कायदा काय म्हणतो?

ज्या आजारांना बरं करण्याचा किंवा टाळण्याचा दावा औषधाला करता येत नाही, त्यांची यादी १९४५ च्या औषध व सौंदर्यप्रसाधन नियमांच्या अनुसूची ‘जे’ मध्ये आहे. त्या यादीत पहिलंच नाव एड्सचं. ‘शंभर टक्के बरा’ असं लिहिलेली बाटली दिसली की एवढं आठवा.

आणि उद्या कोणी खरोखरच एखाद्या वनस्पतीच्या चाचणीत भाग घ्यायला सांगितलं तर? घाबरायचं कारण नाही. नागपूरच्या रुग्णांनी भाग घेतला म्हणूनच आज आपल्याला एवढं कळतंय. फक्त या गोष्टी विचारून घ्या :

- चाचणीचा सीटीआरआय नोंदणी क्रमांक काय? ही राष्ट्रीय नोंदवही २००७ पासून आहे आणि २००९ पासून औषधांच्या चाचण्यांची नोंद तिथं आधी करावी लागते.
- नैतिक समितीची मंजुरी आहे का? तिचा संपर्क कोणता?
- माझी एआरटी चालू राहणार ना? ‘गोळ्या बंद करा’ म्हणणाऱ्याला तिथंच नमस्कार करायचा.
- संमतिपत्र मराठीत आहे का? आपल्या भागात हा प्रश्न महत्त्वाचा. कागद कन्नड किंवा इंग्रजीत असेल आणि आपल्याला मराठीच वाचता येत असेल, तर मराठीत मागायचा. समजलेल्या भाषेतली संमती हीच संमती.
- चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई कोण देणार?
- मध्येच बाहेर पडता येतं ना? आलं पाहिजे, आणि त्यामुळे नेहमीचे उपचार थांबता कामा नयेत.

एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ चा, लागू झाला १० सप्टेंबर २०१८ ला. माहिती देऊन घेतलेल्या संमतीशिवाय एचआयव्हीची तपासणी, उपचार किंवा संशोधन करता येत नाही, आणि रुग्णाची ओळख उघड करता येत नाही, हे त्यात स्पष्ट आहे. कायदा केंद्राचा आहे, त्यामुळे सदलग्यात लागू आणि इचलकरंजीतही लागू.

कुठे विचारायचं?

राष्ट्रीय एड्स हेल्पलाइन १०९७, फोन मोफत. सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी केंद्रात तपासणी आणि समुपदेशन मोफत, नाव गुप्त. बेळगावचं जिल्हा रुग्णालय आणि कोल्हापूरचं सीपीआर या दोन्ही ठिकाणी एआरटी केंद्र आहे. ऊसतोडीला, कारखान्यात किंवा ट्रकवर दुसऱ्या राज्यात जाणार असाल तर आधी केंद्रात सांगा. नोंद दुसऱ्या केंद्राकडे बदलून घेता येते. सीमा ओलांडली म्हणून गोळी तुटायचं कारण नाही.

त्या माणसाला मी एवढंच सांगितलं, की बाटली घेऊन आधी आपल्या एआरटी केंद्रात जा आणि तिथं विचार. काढा घ्यायचा की नाही हे ते बघतील. गोळी मात्र आज रात्रीचीही चुकवायची नाही. त्यानं कागदाची घडी परत खिशात घातली आणि विचारलं, “मग काढ्याचं पैसं गेलं म्हणायचं?” म्हटलं, पैसे गेले तर गेले. गोळी चालू आहे ना, मग भांडवल शाबूत आहे.